रॅम घेण्याआधी पोटभाडेकरू मोजा

मंगळवारी रात्री साताऱ्याहून भाचीचा फोन आला. "मामा, लॅपटॉप सारखा हँग होतोय. दुकानदार म्हणतो रॅम फुल आहे, आठ जीबीची घाला, नाहीतर नवीनच घ्या." त्याने ब्राउझर उघडून पाहिला का, असं मी विचारलं. नाही. टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा दाखवला आणि खर्चाचा अंदाज कागदावर लिहून दिला, एवढंच.

मला याचा राग आला आणि हे लिहितानाही तो गेलेला नाही. रॅम सहज सुचवावी अशी स्वस्त वस्तू आता राहिलेली नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला लागल्यापासून भाव चढत गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत बीएस्सीच्या मुलीला, यंत्रात काय चाललंय ते न पाहता, खर्चात घालायचं? विंडोज 10 ची मुदत संपली तेव्हाही मी हेच लिहिलं होतं: आधी पाहा, मग पैसे काढा.

ब्राउझर एवढी मेमरी का खातो, हे सांगताना मी पूर्वी चाळीचा दाखला दिला होता आणि घाईत आटोपला होता. आज तो नीट मांडतो, कारण उपाय त्यातूनच निघतो.

क्रोमच्या आधीचे बहुतेक ब्राउझर म्हणजे चाळ. सगळ्या टॅब मिळून एकच प्रोसेस: एक जिना, एक नळ, एक व्हरांडा. जागा कमी लागायची, हे खरं. पण एका खोलीत स्टोव्ह भडकला की अख्खी चाळ रस्त्यावर. एक पान अडकलं की सगळा ब्राउझर बंद पडायचा आणि अर्धा लिहिलेला ईमेल त्याच्याबरोबर जायचा. शिवाय बिऱ्हाड खोली सोडून गेलं तरी त्याचं पिंप, मोडकी सायकल, जुनी खाट व्हरांड्यातच राहायची. टॅब बंद केली तरी मेमरी पुरती परत मिळत नसे, कारण त्या टॅबचे तुकडे इतरांच्या सामानात अडकलेले असत.

सप्टेंबर 2008 मध्ये गूगलने क्रोम आणला तो या चाळीच्या जागी ब्लॉक बांधूनच. स्कॉट मॅक्क्लाउड यांच्याकडून एक चित्रकथा काढून घेऊन त्यांनी ही रचना लोकांना समजावली होती. प्रत्येक टॅबला स्वतःची प्रोसेस, म्हणजे स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं न्हाणीघर, स्वतःची टाकी. सुरुवातीला जागा जास्त जाईल, हे त्या चित्रकथेतच सांगून टाकलं होतं. बदल्यात भाडेकरू गेला की ब्लॉक पूर्ण रिकामा आणि एका घरातली आग त्याच घरात.

पुढे जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर उघडकीला आलं. प्रोसेसरच्या रचनेतच अशी फट निघाली, की एकाच प्रोसेसमध्ये राहणाऱ्या एका साइटला दुसरीची गुपितं वाचता यावीत. भिंतीला कान फुटले म्हणा. मग क्रोमने त्याच वर्षी 67 व्या आवृत्तीपासून प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी एकूण मेमरी 10 ते 13 टक्के जास्त लागते, असा आकडा गूगलनेच तेव्हा दिला. फायरफॉक्सनेही 2021 मध्ये तीच वाट धरली. हा खर्च मला मान्य आहे. माझ्या बँकेचं पान आणि फुकट पीडीएफ देणारं कुठलंतरी पान यांनी एका छताखाली राहू नये, यासाठी मी खुशीने तेवढी मेमरी देईन.

माझी तक्रार आहे ती पोटभाडेकरूंबद्दल. ब्लॉक आता साइटगणिक मिळतो. त्यामुळे एखाद्या पानाच्या चौकटीत दुसऱ्या कंपनीची जाहिरात आली, की तिलाही वेगळा संसार थाटून द्यावा लागतो. तुम्ही खोली दिली एका बातमीच्या साइटला. तिने आपल्याबरोबर जाहिरातवाले, व्हिडिओवाले, पाळत ठेवणारे असे चार-पाच जण आणले. त्यांचं भाडं ती साइट घेते, जागा मात्र तुमच्या रॅममधली जाते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. भाचीला फोनवरच ते करायला लावलं, मेमरीच्या रकान्यावर क्लिक करायला सांगितलं आणि वरच्या ओळी वाचून घेतल्या. तिला कामासाठी लागणाऱ्या कॉलेजच्या पोर्टलचं नाव लवकर येईचना. सगळ्यात वर रविवारपासून उघडी राहिलेली बातमीची टॅब होती. खाली 'सबफ्रेम' असं लिहिलेल्या ओळींची रांग, एक खरेदीची साइट आणि कूपन शोधून देणारं एक एक्स्टेन्शन, जे आपण कधी टाकलं हे तिला आठवत नव्हतं. 'सबफ्रेम'च्या बहुतेक ओळी म्हणजे पोटभाडेकरू.

मेमरीचा आकडा नव्वदीत गेला म्हणजे यंत्र आजारी पडलं, असंही नाही. रिकामी पडलेली रॅम काही कामाची नसते. मोकळी जागा असेल तर विंडोज ती वापरतं आणि वापरावीच. त्रास सुरू होतो तो रॅम संपून सामान डिस्कवर हलवावं लागतं तेव्हा. फिरती हार्डडिस्क असेल तर त्या ने-आणीत यंत्र गुदमरतं. दुकानदाराने हे पाहायला हवं होतं.

बाकी काम अर्ध्या तासाचं होतं. ते एक्स्टेन्शन काढलं. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू केला. न वापरलेली टॅब तो झोपवतो आणि तुम्ही तिच्यावर परत गेलात की पान नव्याने लोड होतं. अर्धा भरलेला फॉर्म, चालू डाउनलोड किंवा चालू व्हिडिओ असलेल्या टॅबला तो हात लावत नाही, म्हणून परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्यांनी घाबरू नये. सिस्टिमखाली, क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेवण्याची परवानगी असते, तीही काढली. आणि बातम्यांसाठी फायरफॉक्स टाकून त्यावर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बसवलं, कारण क्रोमने ते 2025 मध्ये बंद पाडलं. पोटभाडेकरूंना दारातूनच परत पाठवणारं याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही.

'मेमरी वाचवणारी' एक्स्टेन्शनं मात्र टाकू नका. द ग्रेट सस्पेंडर लाखो लोक वापरत होते. त्याची मालकी गुपचूप बदलली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते काढून टाकलं. जे काम ब्राउझर स्वतः करतो, त्यासाठी परक्याला घराची किल्ली देऊ नये.

आता माझा नेहमीचा मुद्दा, कितीही वेळा म्हणून झाला असला तरी. ब्राउझर बनवणाऱ्यांनी निदान स्वतःचं वजन केलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने 2011 मध्ये निकोलस नेदरकोट यांच्या पुढाकाराने मेमश्रिंक हे काम हाती घेतलं. मेमरी गळण्याच्या तक्रारी एकेक करून निकाली काढल्या. 'आपण बारीक झालो का?' असा प्रश्नच नावात असलेल्या एका पानावर ते फायरफॉक्सच्या मेमरीचे आलेख सगळ्या जगासमोर ठेवत. 2012 च्या फायरफॉक्स 15 मध्ये ॲड-ऑनमुळे होणारी बहुतेक गळती त्यांनी मुळातच बंद केली. पानं बनवणाऱ्यांनी असं कधी केलं? माझा कयास आहे, की आपल्या मराठी बातम्यांच्या साइटवाल्यांपैकी कुणीही आपलं पान चार जीबीच्या लॅपटॉपवर उघडून पाहत नसावं. पुरावा मागाल तर तो माझ्याकडे नाही, पण वाचक म्हणून रोजचा अनुभव आहे. त्यांचा बहुतांश वाचक अशाच यंत्रांवर आहे, असं मी धरून चालतो, आणि दोनशे शब्दांच्या बातमीसाठी त्याचं यंत्र थांबवणं हा त्या वाचकावर अन्याय आहे.

ज्यांना व्हिडिओ एडिटिंग करायचं आहे, अँड्रॉइड स्टुडिओ चालवायचा आहे, त्यांना रॅम लागतेच आणि त्यांनी ती घ्यावी. भाचीला प्रॅक्टिकलची जर्नल लिहायची होती आणि पोर्टलवर असाइनमेंट चढवायच्या होत्या. गुरुवारी दोन्ही झालं, तिच्या लॅपटॉपमधल्या त्याच चार जीबी रॅमवर.

तुमच्याकडे कुणी असाच खर्चाचा कागद दिला असेल, तर पैसे देण्याआधी शिफ्ट आणि एस्केप दाबा. वरच्या दहा ओळी त्याच कागदाच्या मागे उतरवून घ्या आणि दुकानदारापुढे ठेवा. यातलं नवीन रॅमने काय कमी होईल, एवढं त्याला विचारा.