बंदी आली, पिशवी मात्र राहिली!

मैत्रिणींनो, २३ जून २०१८ हा दिवस आठवतो का? त्या दिवसापासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद! सगळ्यांनीच धसका घेतला. दारामागे लटकलेल्या कापडी पिशव्या बाहेर निघाल्या, मच्छी आणायला स्टीलचे डबे निघाले. आज मात्र आमच्या खांदा कॉलनीत संध्याकाळी भाजीला निघालं, की मिरच्या एका पिशवीत, कोथिंबीर दुसरीत आणि लिंबं तिसरीत. घरी येईपर्यंत हातात चार-पाच पिशव्या. असं का व्हावं?

कायदा कच्चा होता, असं म्हणता येणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. नाले-गटारं तुंबण्यात पिशव्यांचाही हात होता, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. पण भाजीच्या गाडीवर मायक्रॉन मोजणार कोण? म्हणून २०१८ मध्ये राज्यात जाडी न बघता सगळ्याच कॅरीबॅगवर बंदी घातली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे चमचे, पेले, ताटल्या, स्ट्रॉ यांवरही बंदी आली. म्हणजे कागदावर सगळं आहे.

मग अडतं कुठे? भाजीवालीला विचारा. ती सरळ सांगते, "ताई, मी पिशवी नाय दिली तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं." खरंच आहे ते. पिशवीचे पैसे तिच्या खिशातून जातात, दंड झाला तर तोही तिलाच, आणि पिशवी मागतो आपण! तिने एकटीने बंद करायचं ठरवलं तर तिचाच धंदा बसतो. आपल्याला पिशवी फुकट मिळते, म्हणून तिची किंमत कळत नाही. आयर्लंड देशाने २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर लावला, तोही गिऱ्हाइकाकडून घ्यायचा. तिथे पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. पैसे मोजावे लागले की पिशवी घरून न्यायची आठवण बरोबर होते!

आता दुसरी गंमत. साड्यांच्या आणि कपड्यांच्या दुकानात रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी मिळते ना, ती बहुतेक वेळा कापडाची नसतेच. ते पॉलिप्रॉपिलीन असतं, म्हणजे प्लॅस्टिकच. उन्हात राहिली की तिचा भुगा होतो आणि तो मातीत मिसळतो.

आणि खरी सुती पिशवी? तिचाही हिशोब आहे. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, गिरणीला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये अभ्यास केला. एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी हवामानावरच्या परिणामात बरोबरी करायची, तर नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. या हिशोबात तुंबलेली गटारं नाहीत, गाईच्या पोटात गेलेलं प्लॅस्टिकही नाही. म्हणून कापडी पिशवी चांगलीच. पण 'पर्यावरणपूरक' लिहिलेल्या दहा नव्या पिशव्या घेऊन कपाटात ठेवल्या, तर त्याचा उपयोग शून्य. जुन्या साडीची, चादरीची शिवा आणि फाटेपर्यंत वापरा.

आपल्याला जमेल असं सांगते. एक घडीची पिशवी कायम पर्समध्ये, दुसरी नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत. संध्याकाळची भाजी बऱ्याचदा ऑफिसहून येताना तेच आणतात, मग ही जबाबदारी एकट्या बाईची का? मिरची-लिंबासाठी जुन्या ओढणीच्या छोट्या थैल्या शिवा. मच्छी-मटणाला डबा न्या. संक्रांतीच्या वाणात प्लॅस्टिकचे डबे-टोपल्या लुटण्यापेक्षा बचत गटाकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घ्या, चार बायकांना कामही मिळेल. आणि एका बिल्डिंगमधल्या दहा-बारा जणींनी मिळून नेहमीच्या भाजीवालीला सांगा, "आम्हाला पिशवी नको, आम्ही तुझ्याकडेच येणार." मग तिची भीती जाते आणि पिशवीचे पैसेही वाचतात.

१ ऑक्टोबर २०१६ पासून आपल्याला पनवेल महानगरपालिका आहे. तिच्याकडेही मागणं करायला हवं. गाडीवरच्या बाईच्या पिशव्या जप्त करणं सोपं असतं. त्या पिशव्यांची पोती येतात कुठून, साठा कोणाकडे असतो, तिथवर पोचायला हवं. पण असं ठणकावून विचारायचं तर आधी आपल्या हातात कापडी पिशवी हवी. बघा, पटतंय का!