मोरे, मौर्य आणि एक ढकलपत्र

दर चार-सहा महिन्यांनी एक ढकलपत्र येतं. पूर्वी मेलवर यायचं, आता व्हॉट्सॅपवर येतं, मजकूर तोच: मोरे म्हणजे मौर्य, सबब समस्त मोरे मंडळी सम्राट चंद्रगुप्ताची थेट वारस! मी मेढ्याचा, त्यात मोरे. त्यामुळे मला ते गावच्या ग्रुपवरही येतं आणि ऑफिसातले मित्र 'महाराज' म्हणून वर पुन्हा पाठवतात.

आता पुरावा काय? पालीत मौर्यांना 'मोरिय' म्हणतात, त्याचा संबंध मोराशी लावतात आणि मोऱ्यांचं देवक मोराचं पीस. बस्स. मंडळी, दोन स्ट्रिंग जुळल्या म्हणून दोन रेकॉर्ड एकाच माणसाची, असं धरणारा कोड तुम्ही रिव्ह्यूत पास कराल का? शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ इ.स.पू. १८५च्या सुमारास मारला गेला. शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली १६५६ साली. मधल्या अठराशेहून जास्त वर्षांची वंशावळ कुठाय? जावळीचा 'चंद्रराव' हाही चंद्रगुप्ताचा धागा नव्हे. तो किताब होता, गादीवर बसेल तो चंद्रराव.

बरं, मोरे कोण कोण आहेत ते तरी बघा. तुकोबांचं आडनाव आंबिले, कूळ मोरे. आणि ते स्वतःला कुणबी म्हणवत. आज त्यांचे वंशज मोरे लावतात, उदाहरणार्थ डॉ. सदानंद मोरे. म्हणजे एकाच घराण्यात आडनाव बदललं. दुसरे रामचंद्र बाबाजी मोरे, महाडकडचे. १९२७च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागचे एक प्रमुख संघटक, पुढे कम्युनिस्ट नेते, जन्मानं महार. महाडशेजारची रायरी, म्हणजे पुढचा रायगड, एकेकाळी जावळीच्याच मोऱ्यांकडे होती. त्याच मुलखात त्याच आडनावाच्या माणसाला सार्वजनिक तळ्याचं पाणी पिण्यासाठी लढा उभारावा लागला. 'समस्त मोरे मंडळी' म्हणताना हे मोरे ढकलपत्रवाल्यांच्या डोळ्यांसमोर असतात का हो? मला नाही वाटत.

आणि हे फक्त मोऱ्यांचं नाही. देशमुख, पाटील ही हुद्द्यांची नावं. ती ब्राह्मण, मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान सगळ्यांत सापडतात. पवार, कदम, शिंदे, जाधवांचंही तेच. तरी फ्लॅट बघायला गेलं की मालक विचारतो, "पूर्ण नाव काय?" त्याला नाव नको असतं, जात हवी असते. आपणही नवा टीममेट आला की मनातल्या मनात तेच करतो. शिकलेसवरलेले लोक आपण!

या सवयीची किंमत मोठी आहे. १९३१च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. २०११च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय पाहणीत हा आकडा गेला सुमारे ४६ लाखांवर! कारण लोकांनी जातीच्या जागी आडनाव, कूळ, गोत्र, जे सुचेल ते सांगितलं. हा डेटा वापरण्याजोगा नाही, असं केंद्रानं २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. आता २०२७च्या जनगणनेत जात नोंदवायची, असं ३० एप्रिल २०२५ला ठरलंय. पुन्हा आडनावावरून जात लिहिली गेली, तर ज्यांना त्या आकड्यांची खरी गरज आहे त्यांचंच नुकसान होणार.

काही जण म्हणतील, मग आडनावच काढून टाका. बीडच्या पोलिसांनी २०२५मध्ये नावाच्या पट्टीवर फक्त पहिलं नाव ठेवलं. चांगलं केलं. पण पट्टी बदलली तरी विचारणारा तोच राहतो. मी माझं आडनाव काढणार नाही. मला ते आवडतं. फक्त त्यावरून माझा पणजोबा कोण होता आणि मला भाड्यानं घर द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवू नका.

असो. पुढच्या वेळी ते ढकलपत्र आलं, तर पुढे ढकलू नका. ज्यानं पाठवलं त्याला एवढंच विचारा: रामचंद्र बाबाजी मोरे तुमच्या यादीत आहेत का?