दीड तासावरचे बाळंतपण

दोन गावांमधले अंतर नकाशाला विचारावे तर तो किलोमीटर सांगतो, वेळापत्रकाला विचारावे तर ते तास सांगते. घरातल्या बायकांना विचारले तर उत्तर तिसरेच येते. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरचे ट्रॉम्सो आणि त्याच्याही पलीकडे, स्वालबार्ड बेटांवरचे लाँगयिअरब्येन, ही आपली या खेपेची दोन गावे.

अंतराचे गणित घरातल्या शाळकरी मुलाला खुशाल घाला. ट्रॉम्सो सुमारे 69.7 अंश उत्तर अक्षांशावर, लाँगयिअरब्येन 78.2 अंशांवर, रेखांशांत फारसा फरक नाही. एका अंशाला 111 किलोमीटर धरले की साडेआठ अंशांचे साधारण साडेनऊशे किलोमीटर झाले. मुंबई-दिल्ली याहून थोडी लांब पडते. जेट विमान तासाला आठशे किलोमीटर सहज कापते, पण चढण्या-उतरण्यात वेळ जातोच; म्हणून प्रवास दीड-पावणेदोन तासांचा. रविवारी पुण्याहून लोणावळ्याला निघालेली मोटार गर्दीत सापडली, तर तिलाही एवढा वेळ पुरेलच असे नाही!

मात्र ही वाट 1975 सालापर्यंत नव्हती. जॉन लाँगयिअर या अमेरिकन उद्योगपतीच्या कंपनीने 1906 साली कोळशाच्या खाणींसाठी हे गाव वसवले. हिवाळ्यात समुद्र गोठे, आणि शेवटची बोट गेली की वसंतापर्यंत दुसरी येत नसे. त्यातच ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. पुढे हिवाळ्यात गोठलेल्या दरीतच टपालाची विमाने अधूनमधून उतरू लागली. पक्का विमानतळ झाला तो 1975 च्या सप्टेंबरात. तेथली जमीन खोलवर बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर सैल होतो आणि धावपट्टी कुठे खचते, कुठे फुगते. तिची डागडुजी हा तिथला कायमचा उद्योग.

आता बायकांचे उत्तर. लाँगयिअरब्येनला रुग्णालय आहे, पण लहान. बाळंतपणाची सोय त्यात नाही. त्यामुळे दिवस भरत आले, की तारखेच्या सुमारे तीन आठवडे आधी गर्भवतीने मुख्य भूमीवर जायचे, असा तिथला शिरस्ता. ‘त्या गावात जन्माला यायला कायद्याने बंदी आहे’ असे चवीने सांगितले जाते, त्यात तथ्य नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली आणि त्याच दिवशी वादळ उठले, तर दीड तासाचे विमान काय कामाचे? एवढाच साधा हिशेब त्यामागे आहे.

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते ती आईच्या हातचे खायला, लाड करून घ्यायला. ट्रॉम्सोला उतरणाऱ्या प्रत्येकीची आई तिथे थोडीच असते! थोरले मूल शाळेत, नवरा कामावर, आणि ही परक्या खोलीत दिवस मोजत बसलेली. म्हातारपणीही तीच गत. गावात वृद्धांच्या शुश्रूषेची व्यवस्था नाही, तेव्हा हातपाय थकले की मुक्काम हलवायचा.

म्हणजे जाणे दीड तासाचे आणि परतणे कित्येक आठवड्यांनी. विमानातून उतरलेले बाळ मग पहिल्यांदा आपले गाव बघते. जानेवारीत आले असेल, तर तेही दिव्यांच्या उजेडात.