गोठ्यातील उंदीर : विषाआधी आसरा मोडावा

रायपूर व भोवतालच्या भातपट्ट्यात धानाची मळणी आटोपली की तणसाच्या गंजी गोठ्यालगत उभ्या राहतात. छत्तीसगढीत यालाच पैरा म्हणतात. कापणीनंतर शेतातील अन्न संपलेल्या उंदरांना या गंजीत ऊब, आडोसा आणि राहून गेलेले दाणे मिळतात. गव्हाणीतील पशुखाद्य व पाण्याची टाकी जवळच असते. उपद्रव वाढला की पशुपालक प्रथम विषाची पुडी आणतो. हा क्रम उलटा आहे.

उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. अन्न व आसरा कायम असल्यास विषाने रिकामी झालेली बिळे उरलेल्या व बाहेरून येणाऱ्या उंदरांनी पुन्हा भरतात. त्यामुळे उंदरांची संख्या विषाच्या मात्रेपेक्षा गोठ्याच्या मांडणीवर अधिक अवलंबून राहते.

नुकसान केवळ खाल्लेल्या खाद्याचे नसते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चाऱ्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. गाई गाभडतात, दूध घटते आणि गोठा साफ करणाऱ्या माणसालाही धोका संभवतो. दुसरीकडे, झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन वायू सोडते. त्यावर उतारा नाही. वासरे, कोंबड्या व कुत्री वावरतात तेथे असे आमिष उघड्यावर ठेवणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर.

तणीस जमिनीवर न रचता मचाणावर आणि भिंतीपासून दूर रचावे. पेंड व भरडा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावा, गव्हाणीतील उष्टे खाद्य सायंकाळी काढावे आणि गोठ्याभोवतीची पट्टी गवत व अडगळीपासून मोकळी राखावी. अर्ध्या इंचाच्या फटीतूनही उंदीर शिरतो. म्हणून फटी सिमेंटने वा जाळीने बुजवाव्यात. मचाणाला खर्च येतो व लहान पशुपालकाकडे जागा अपुरी असते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु उरलेल्या कामांना पैशापेक्षा शिस्त अधिक लागते. त्यानंतरही गरज उरल्यास ब्रोमॅडिओलोनचे आमिष बंदिस्त पेटीतच, जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावे.

खरी अडचण कामाच्या विभागणीत आहे. पिकांचा विचार रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ करते, जनावरांचा दुर्गचे कामधेनू विद्यापीठ. गोठ्यालगतची गंज मात्र दोन्ही विषयांच्या सीमेवर उभी असते. बरोंडा येथे तर पिकांवरील जैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २०१२ पासून आहे. या तिन्हींच्या ज्ञानाची सांगड विस्तार कार्यकर्त्याने गावातच घालावयास हवी. वाटलेल्या विषाच्या पुड्या मोजून मोहिमेचे यश ठरवू नये. सायंकाळी सर्व बिळे बुजवावीत आणि सकाळी पुन्हा उकरलेली मोजावीत. हीच जिवंत बिळे. मळणीनंतर सारे गाव एकाच आठवड्यात कामाला लागले आणि महिन्याने हा आकडा घटलेला दिसला, तरच मोहीम सफल मानावी.