काय उजेड पाडलात!

माझे खगोलशास्त्राचे शिक्षण बी.कॉम. इतके झाले आहे. तरीसुद्धा मी लहानपणी आकाशगंगा पाहिलेली आहे, आणि तीही घरबसल्या. वाईतल्या आमच्या गच्चीवर सतरंजी टाकून अण्णा आम्हां भावंडांना कृत्तिका मोजायला लावीत. सहा मोजल्या तर डोळे शाबूत. पाच मोजल्या तर दुसऱ्या दिवसापासून गाजर. आमच्या घरातली नेत्रतपासणी ती एवढीच.

गेल्या थंडीत माझी अकरा वर्षांची कन्या पुस्तकातून डोके वर काढून म्हणाली, "बाबा, कृत्तिका दाखवा ना!" मी रुबाबात तिला गच्चीवर नेले. वर पाहतो तो आभाळ पाणी घातलेल्या ताकासारखे. कृत्तिकांच्या जागी एक पुसटसा डाग, आणि शेजारच्या बापूंचा फोकस मात्र ठसठशीत. कन्येने विचारले, "बाबा, तुम्ही खरंच मोजल्या होत्या?" बाप खोटारडा ठरण्याचे प्रसंग आयुष्यात येतात, पण ते निदान त्याने खोटे बोलल्यावर यावेत!

मग आमची अंधाराची शोधमोहीम सुरू झाली. अमावास्येजवळचा शनिवार गाठला. (पौर्णिमेला तारे पाहायला जाणे म्हणजे बँक हॉलिडेला पैसे काढायला जाणे.) पहिल्यांदा मेणवलीला नदीकाठी गेलो. जागा छान, पण वाईची प्रभा पाठोपाठ आलेली. पसरणी घाटात एका वळणावर थांबलो, तर पाचगणीला निघालेली प्रत्येक मोटार आमच्या डोळ्यांत डोकावून गेली. डोळा अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोटार दर दोन मिनिटांनी येते; हे त्रैराशिक कॉमर्सवाल्यालाही सुटते. पूर्वेला हमरस्ता, म्हणून तिकडची आशाच नव्हती. शेवटी पुढच्या अमावास्येला पश्चिमेकडे, धोम धरण मागे टाकून बलकवडीच्या बाजूला गेलो. तिथे डोंगर मध्ये आडवे येतात आणि गावाचा उजेड पलीकडेच थोपवतात. बॅटरीला लाल कागद बांधला, मोबाइल खिशात टाकले आणि अर्धा तास गप्प बसलो. कन्येने सहा मोजल्या. सातवीही दिसतेय म्हणाली. देवयानीतली दीर्घिकासुद्धा धुरकट ठिपक्यासारखी सापडली. परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "बाबा, तुम्ही खरं बोलत होता."

तेव्हा वाईजवळ तारे कुठून पाहावेत, याचे उत्तर मला सापडले आहे. पण माझे भांडण त्या प्रश्नाशीच आहे. तारे म्हणजे काय पाचगणीच्या स्ट्रॉबेऱ्या आहेत, की मुद्दाम गाडी काढून जावे? आधी दिवे लावून आपणच ते घालवायचे, आणि मग पेट्रोल जाळून त्यांच्या मागे रानोमाळ हिंडायचे! याला आमच्या वाणिज्य शाखेत दुहेरी तोटा म्हणतात.

त्या दीर्घिकेचा प्रकाश २५ लाख वर्षे चालून येतो. वाटेत कुठे अडत नाही. वाईच्या हद्दीपर्यंत सुखरूप पोचतो आणि शेवटच्या क्षणी बापूंच्या फोकसमध्ये बुडतो. इतका जुना चेक काउंटरपर्यंत येऊन न वटल्याचे उदाहरण माझ्या नोकरीत तरी नाही.

बापूंना मी हे बोललो.

"अहो, चोरांसाठी लावलाय तो!" बापू म्हणाले.

"हो, त्यांना काम करताना नीट दिसावं म्हणून!"

डोळे दिपवणाऱ्या दिव्यामागे उभा राहिलेला हत्तीसुद्धा दिसत नाही, मग चोर कसा दिसणार? सौ.ने मात्र मुद्द्याचे विचारले, "रात्री क्लासवरून पोरी याच रस्त्यानं येतात. त्यांनी अंधारात यायचं का?" मुळीच नाही. रस्त्यावर उजेड हवाच. पण पोरी रस्त्यावरून येतात, आभाळातून नव्हे. मग फोकसचे तोंड तिकडे कशाला?

आपल्या मनात एक समीकरण पक्के बसले आहे: अंधार म्हणजे मागासलेपणा आणि लखलखाट म्हणजे प्रगती. २००४ सालचा 'स्वदेस' याच मेणवलीत चित्रित झाला. त्यातला नासाचा इंजिनीअर खेड्यात वीज आणतो, हे सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण त्याच चित्रपटात वीज जाते तेव्हा तो गावाला तारे दाखवतो, हे आपण सोयीस्कर विसरलो. त्यात पांढऱ्याफेक एलईडी दिव्यांची भर. त्यांच्यातला निळसर प्रकाश हवेत जास्त विखुरतो. जुने पिवळे दिवे निदान लाजत जळायचे.

आणि उपाय काही अवघड नाही. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या खेड्यांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे पाहणारे बसवले. कुणी खेडी अंधारात लोटली नाहीत. दिव्यांना फक्त मान खाली घालायला लावली.

मीही एका रविवारी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून टोपी केली आणि बापूंच्या परवानगीने त्यांच्या फोकसला चढवली. बापूंचे अंगण आधीपेक्षा उजळ दिसू लागले, याचे श्रेय त्यांनी दिव्याच्या कंपनीला दिले. रात्री कन्येने गच्चीवरून कृत्तिका मोजल्या. पाच.

"सहावी कुठं गेली, बाबा?"

मी कोपऱ्याकडे पाहिले. तिथे एक भलामोठा बोर्ड रात्रभर आभाळाला आपले नाव वाचून दाखवीत असतो. बोर्ड आमच्याच शाखेचा आहे. तो दहानंतर बंद ठेवावा, असा अर्ज मी मॅनेजरसाहेबांकडे दिला आहे. अर्जाचा प्रवास प्रकाशाच्या वेगाने होत नाही, हे वीस वर्षांच्या नोकरीने मला शिकवले आहे. तोवर कन्येला गाजर सुरू केलेले नाही.