दक्षिण समुद्राच्या कांठानें

आमच्या वर्धा जिल्ह्यास समुद्र नाहीं. सरळ रेषेनें मोजलें तर पश्चिमेस मुंबई आणि पूर्वेस विशाखापट्टण हीं दोन्ही ठिकाणें वर्ध्याहून सुमारें सहाशें किलोमीटरांवर पडतात. म्हणजे दोन्ही समुद्रांनीं आम्हांस सारखेंच दूर ठेविलें आहे. धाम, बोर, वणा, वर्धा या नद्यांच्या पाण्यावर वाढलेल्या माणसास समुद्राची ओढ जितकी अधिक, तितकीच त्याची ओळख कमी. अशा या जिल्ह्यांतील कितीतरी घरांतून आज एखादा मुलगा किंवा मुलगी मेलबर्नला वा सिडनीला आहे, आणि वैशाखाच्या झळा लागूं लागल्या कीं घरच्या वडील माणसांस तिकडचें बोलावणें येतें. त्या संबंधानें आमच्याकडे जी विचारणा होते तींत एक प्रश्न वारंवार असतो : मुलें म्हणतात, समुद्रकांठच्या रस्त्यानें मोटारींतून हिंडवून आणतों, वयस्क मंडळींनीं जावें कीं नाहीं? आम्ही मातोश्रींसह हा प्रवास केला असल्यामुळें उत्तर देण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असें वाटतें.

जावें, पण एका अटीवर. दिवसाची मजल गाडी हांकणाऱ्यानें ठरवूं नये, गाडींतील सर्वांत थकलेल्या माणसानें ठरवावी.

आमचे कनिष्ठ बंधु मेलबर्नला असतात. त्यांनीं योजना आंखली होती ती एका दिवसाची. पहांटे निघावयाचें, 'ग्रेट ओशन रोड' या प्रसिद्ध रस्त्यानें समुद्रांतील खडकांचे स्तंभ पाहावयाचे आणि रात्रीं घरीं परत. जातांना व येतांना मिळून हें अंतर पांचशें किलोमीटरांच्या आसपास भरतें. तिकडे पुष्कळ प्रवासी असेंच करितात. तशा सहलींच्या बसगाड्याहि रोज निघतात. मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "अरे बाबा, कोणाची गाडी चुकते आहे?" वयाची पंचाहत्तरी गांठलेल्या बाईनें विचारलेल्या या प्रश्नास बंधूंजवळ उत्तर नव्हतें. भावजयींनीं तत्काळ दोन मुक्काम ठरविले, आणि एका दिवसाचा प्रवास तीन दिवसांचा झाला.

हा रस्ता टॉर्के या गांवापासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत सुमारें २४० किलोमीटर जातो. मेलबर्नकडून निघालें म्हणजे समुद्र डाव्या हातास राहतो, आणि वाहतूकहि आपल्याप्रमाणेंच डावीकडून असल्यामुळें आपली गाडी समुद्राच्याच बाजूनें चालते. थांबावयाच्या जागा आपल्याच अंगास येतात. मातोश्रींस डाव्या खिडकीशीं बसविलें होतें. पहिले दोन तास त्या कांहीं बोलल्याच नाहींत. एका बाजूस उभा कडा, दुसऱ्या बाजूस पाणी, आणि मध्यें ही अरुंद वळणावळणाची पट्टी. वेगाची कमाल मर्यादा ताशीं शंभर किलोमीटरांची, आणि वळणांवर तिच्याहून पुष्कळच कमी. समृद्धि महामार्गावर ताशीं एकशेंवीसच्या वेगाची संवय झालेल्या आमच्या मंडळींस आरंभीं हें कंटाळवाणें वाटतें.

रस्ता कोणीं बांधला हें कळलें म्हणजे तो कंटाळा जातो. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सुमारें तीन हजार शिपायांनीं १९१९ ते १९३२ या काळांत कुदळ, फावडें, हातगाडी आणि सुरुंगाची दारू एवढ्या साधनांवर तो कड्यांतून कोरून काढला. युद्धांत पडलेल्या आपल्या सोबत्यांचें हें स्मारक, अशी त्या मागची कल्पना. ईस्टर्न व्ह्यू येथें रस्त्यावर लाकडी कमान आहे. १९८३ च्या वणव्यांत ती नष्ट झाल्यावर पुन्हां उभारण्यांत आली. तेथें आम्ही बराच वेळ थांबलों. १९१५ सालीं गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर या ऑस्ट्रेलियन शिपायांच्या शेजारींच शीख व गुरखा पलटणी आणि खेंचरें हांकणारे हिंदी जवान होते. आमच्या महाराष्ट्रांत साताऱ्याजवळील अपशिंगे या एकट्या गांवानें त्या महायुद्धांत ४६ माणसें गमाविलीं. तेथें त्यांच्या नांवें एक स्तंभ आहे. स्तंभास वर्षांतून एकदां हार पडतो. रस्त्यावरून मात्र रोज कोणाचीं तरी मुलेंबाळें आइस्क्रीम खात जातात. आमच्या मतें मृतांस दुसरी गोष्ट अधिक आवडली असती.

येथें आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या काळांत हा रस्ता होत होता त्या काळांत तुम्हांआम्हांस त्या देशांत राहावयास जाण्याची वाट बंद होती. १९०१ च्या कायद्यानें येणाऱ्या माणसास युरोपांतील कोणत्याहि भाषेंतला पन्नास शब्दांचा उतारा सांगून लिहावयास लावीत. अर्थात् नको असलेल्या माणसास न येणारी भाषाच निवडीत. १९२२ सालीं रस्त्याचा लॉर्न गांवापर्यंतचा भाग खुला झाला. त्याच वर्षीं गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री हे ऑस्ट्रेलियांत हिंडून, तेथें आधींच राहिलेल्या हिंदी लोकांस नागरिकत्वाचे हक्क द्यावे म्हणून व्याख्यानें देत होते. त्या लोकांस मध्यवर्ती निवडणुकींत मत मिळालें तें १९२५ सालीं; उताऱ्याची परीक्षा १९५८ सालीं गेली, आणि वर्णभेदाचें धोरण १९७३ सालीं पुरतें संपलें. पुतण्यास हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "काका, मग माझे बाबा इथें आलेच नसते." त्याचा तर्क बिनचूक होता.

आतां धोक्याविषयीं. आमचीं वडील माणसें जातात तीं बहुधा आपल्या उन्हाळ्यांत, म्हणजे तिकडच्या हिंवाळ्याच्या तोंडावर. जून महिन्यांत मेलबर्नकडे सूर्य सायंकाळीं पांचच्या सुमारास मावळतो. कांगारू रस्त्यावर येतात ते मुख्यतः तिन्हीसांजेस व पहांटेस. पांच वाजतां आपल्याकडे चहाचें आधण ठेवितात, तिकडे ती कांगारूंची वेळ असते, हें नवख्या माणसाच्या ध्यानांत येत नाहीं. बंधूंनीं नियम केला होता : चार वाजले कीं मुक्काम. तो नियम तिन्ही दिवस अक्षरशः पाळला गेला. वर्ध्याच्या माणसास याचें कारण फोड करून सांगावयास नको. २४ जानेवारी २०२२ च्या रात्रीं आपल्याच जिल्ह्यांत सेलसुऱ्याजवळ मोटार पुलावरून कोसळून वैद्यकीचे सात विद्यार्थी गेले. १ जुलै २०२३ च्या पहांटे नागपूरहून पुण्यास निघालेली बस समृद्धि महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यांत पेटून पंचवीस माणसें जळालीं. दोन्ही प्रसंग अंधारांतले. घरांतल्या तरुणांस 'रात्रीं निघूं नका' असें म्हटलें म्हणजे तीं हंसतात. त्यांस हंसूं द्यावें, आणि किल्ली जवळ ठेवावी.

इंग्रजींतील भारतीय परवान्यावर पाहुण्यास तेथें गाडी चालवितां येते. म्हणून कांहीं उत्साही मंडळी विमानांतून उतरून दुसऱ्याच दिवशीं चाक हातीं घेतात. झोपेचें चक्र उलटें झालेलें असतांना असलें धाडस करूं नये.

समुद्राचा धोका निराळा आणि अधिक फसवा आहे. आम्ही नदीकांठचीं माणसें पाणी शांत दिसलें कीं पाय घालतों. त्या किनाऱ्यावर पुष्कळदां जेथें लाट फुटत नाहीं तेथेंच आंत खेंचणारी ओढ असते. लाल व पिवळ्या रंगाचीं निशाणें रोंविलेलीं असतात, त्या दोहोंच्या मध्येंच उतरावें. तेथें जीवरक्षकांची नजर असते. जेथें निशाणें नाहींत तेथें पाऊल ओलें करण्याचीहि हौस धरूं नये. मेलबर्नच्या दुसऱ्या अंगास फिलिप बेटावर २४ जानेवारी २०२४ रोजीं चार हिंदी माणसें अशाच, जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर बुडालीं. त्यांतील एक व्यक्ति आपल्या देशांतून भेटीस गेलेली होती. आमच्या मातोश्रींनीं नातवंडांस वाळूंत किल्ला करावयास बसविलें आणि स्वतः निशाणाजवळ खुर्ची टाकून बसल्या. मुलांस राग आला. तो रात्रीं उतरला.

अपोलो बे येथें पहिला मुक्काम, पोर्ट कॅम्पबेल येथें दुसरा. या दोहोंच्या मध्यें रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या दाट अरण्यांतून जातो. तेथें झाडाएवढाले नेचे आहेत. 'बारा प्रेषित' म्हणून जे चुनखडीचे स्तंभ जगभर प्रसिद्ध आहेत ते बारा कधींच नव्हते, नऊ होते. त्यांतील एक जुलै २००५ मध्यें ढांसळला, आतां आठ उरले आहेत. पूर्वीं त्यांस 'डुकरीण आणि तिचीं पिलें' म्हणत. प्रवाशांस ओढण्यासाठीं नांव बदललें. देखावा भव्य आहे, परंतु त्याचीं छायाचित्रें सर्वांनीं पाहिलेलीं असल्यामुळें त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं.

तेथून जवळच लॉक आर्ड नांवाची घळ आहे. ती मात्र चुकवूं नये. इंग्लंडहून निघालेलें त्या नांवाचें जहाज तीन महिन्यांच्या सफरीनंतर, मेलबर्न अगदीं टप्प्यांत आलें असतां, १ जून १८७८ रोजीं धुक्यांत खडकावर आपटलें. चौपन्न माणसांपैकीं दोनच वांचलीं : टॉम पिअर्स हा उमेदवार खलाशी आणि ईव्हा कारमायकेल ही तरुण मुलगी. टॉम घळींत वाहत आला, आणि तिची हांक ऐकून पुन्हां पाण्यांत शिरून त्यानें तिला ओढून काढलें. तिचे आईबाप व भावंडें त्याच जहाजावर होतीं. या दोघांचें लग्न व्हावें अशी सगळ्या वसाहतीची इच्छा होती. परंतु ती कांहीं महिन्यांनीं आयर्लंडास परतली. "बरें केलें," मातोश्री म्हणाल्या, "उपकार निराळा, संसार निराळा." घळीच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. त्या खालीं उतरल्या नाहींत. वरच्या कठड्याशीं उभें राहून त्यांनीं सर्व कथा भावजयींकडून ऐकली.

फराळाविषयीं एक शब्द. विमानतळावर उतरतांना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ कागदावर लिहून द्यावा. लिहून दिल्यास फार तर तो काढून घेतात. लपविल्यास दंड होतो. आमचें मेतकूट व चकल्या पाहून परत मिळाल्या. वाटेंतील बागांतून विजेच्या सार्वजनिक शेगड्या असतात, पण त्यांवर काय काय भाजलें असेल या विचारानें आम्हीं आपला तवा वेगळा नेला होता.

तिसऱ्या दिवशीं वॉर्नम्बूल. तेथील संग्रहालयांत लॉक आर्डवरील चिनीमातीचा मोठा मोर आहे. १८८० च्या मेलबर्न प्रदर्शनासाठीं तो येत होता. माणसें बुडालीं, आणि हा पेटींतून जवळजवळ अभंग किनाऱ्यास लागला. गांवाबाहेर लोगन्स बीच येथें लांकडी मंच बांधला आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत देवमाशांच्या माद्या पिलांस जन्म देण्यासाठीं तेथें किनाऱ्याच्या अगदीं जवळ येतात. आम्ही उभे होतों तेव्हां एक काळी पाठ वर आली, खालीं गेली, आणि तिच्या शेजारीं लहान पाठ दिसली. बंधूंनीं घड्याळ पाहिलें. आंतल्या हमरस्त्यानें मेलबर्न तीन तासांवर होतें आणि नुकते अकरा वाजत होते. "आणखी अर्धा तास," असें मातोश्रींनीं सांगितलें. तो दीड तास झाला.