दुखणाइताची सोबतीण

पाटण-जावळीच्या डोंगरवाड्यांतून मुंबईच्या गोदामांत गेलेला माथाडी आणि सांगलीच्या बाजार आवारात हळदीची पोती वाहणारा हमाल, या दोघांच्या पाठीवर या मुलखातील कित्येक घरे उभी राहिली; आणि बळ ओसरल्यावर तीच पाठ घेऊन ते गावी परततात, तेव्हा उरलेले आयुष्य तिच्या मर्जीवर कंठावे लागते. १९६९ च्या माथाडी कायद्याने, अण्णासाहेब पाटलांच्या झुंजीमुळे, मजुरीस संरक्षण मिळाले, हे उपकार विसरण्याजोगे नाहीत. परंतु हजेरी थांबल्यावरही न थांबणाऱ्या वेदनेची, आणि त्या वेदनेचा भार जी बाई वाहते तिची, दाद कोठे लागावयाची?

१८९४ पासून वानलेस रुग्णालयामुळे रोग्यांचा आसरा ठरलेल्या मिरजेत कोणत्याही दवाखान्याच्या ओट्यावर सकाळी पाहावे. बसवत नाही म्हणून पुरुष कुशीवर आडवा. शेजारी भांगलणीची हजेरी बुडवून एसटीने आलेली बायको, एका हातात एक्स-रेची पिशवी, दुसऱ्यात केसपेपर. रात्री त्याची कूस पालटायची, विटेचा शेक द्यायचा, पहाटे धार काढायची, आणि तिची विचारपूस करावी तर उत्तर येते, "माझं काय घिऊन बसलाय, ह्यास्नी झोप लागंल असं काय तरी द्या." तिचीही कंबर धरलेली आहे, हे ती उठू लागली की दिसते.

त्यातून फोटोत काही निघाले नाही की घरचेच 'सोंग' म्हणू लागतात. वास्तविक मूळ इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहून वेदना चालू ठेवू शकते, आणि तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या अशा वेदनेस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले आहे. आमच्या कायद्याची नजर मात्र तेथवर पोहोचलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. परंतु त्यातील २१ प्रकारांत दीर्घकालीन वेदना नाही, आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्यावाचून दरखास्तच पुढे सरकत नाही.

केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमनाचे जे कार्य सुरू झाले, त्यातून पुढे शेजारपाजारच्या माणसांनाच शिकवून घरोघर पाठविण्याची रीत रुजली. ज्या सातारा-सांगलीने सहकाराच्या बळावर साखर कारखाने व दूध संघ उभे केले, त्या जिल्ह्यांस हे अशक्य आहे, असे मी मानणार नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात वेदनेच्या रोग्यांची तपासणी व्हावी, त्याच वेळी सोबतिणीचीही नाडी पाहिली जावी, आशाताईंच्या वहीत तिच्या नावाचा रकाना असावा, आणि महिन्यातून दोन दिवस बचत गटातील शिकवून तयार केलेल्या बाईने दुखणाइताजवळ बसावे, म्हणजे सोबतीण माहेरी जाऊन येईल. त्या बदली बाईची मजुरी कारखान्यांनी व बाजार समित्यांनी आपल्या कल्याणनिधीतून द्यावी. ज्यांची पोती या पाठींनी वाहिली, त्यांच्याकडेच ही मागणी प्रथम करणे रास्त आहे.